सोडली, सुटली, सोडवली : ‘मी’ आणि इच्छा यांबद्दल विहार काय सांगतो, चर्च काय सांगतं

दारू बंद झालेल्या तीन माणसांना विचारा, कशी काय थांबली? एक म्हणेल, ‘म्या सोडली.’ दुसरा म्हणेल, ‘माही सुटली.’ तिसरा म्हणेल, ‘देवानं सोडवली.’ ग्लास तिघांचाही पालथा झाला, पण कर्ता प्रत्येक वाक्यात वेगळा. पहिल्यात तो ‘मी’ आहे. दुसऱ्यात कर्ता म्हणून खुद्द दारूच उभी आहे, जणू ती आपली आपण गळून पडली. तिसऱ्यात कर्ता माणसाच्या बाहेर आहे. माणसाची इच्छा त्याच्या ताब्यात किती, आणि मुळात ताबा ठेवणारा कोणी मालक आत बसला आहे का, हा बौद्ध आणि ख्रिस्ती विचारांतला खरा वादाचा मुद्दा. तो समजायला पाली किंवा ग्रीक आलीच पाहिजे असं नाही. ही तीन क्रियापदं हाताशी असली तरी पुष्कळ काम होतं.

फक्त एक घाई करू नये. ‘सोडली’ म्हणजे बौद्ध आणि ‘सोडवली’ म्हणजे ख्रिस्ती, अशी सरळ वाटणी होत नाही. बौद्ध मार्ग ‘सोडतो’पासून सुरू होतो आणि ‘सुटलं’पाशी पोचतो. ख्रिस्ती मार्ग ‘सोडवलं’पासून सुरू होतो आणि मग रोज सकाळी ‘सोड’ म्हणून मागे लागतो.

हा वाद विदर्भात पुस्तकी नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना स्वतः दिली. दोन दिवसांनी चंद्रपूरला पुन्हा दीक्षा सोहळा झाला. त्याच नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये येऊन राहिला होता, आणि तिथेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यामुळे गावात विहार आणि चर्च यांच्यात दोन गल्ल्यांचं अंतर असणं, एकाच घरात एक भाऊ पंचशील म्हणणारा आणि दुसरा प्रभूची प्रार्थना करणारा असणं, यात नवल नाही. वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, ग्रंथवाचन आटोपलं किंवा नाताळचे दिवस आले की पानठेल्यावर विषय निघतोच. आणि बहुतेक वेळा दहाव्या मिनिटाला बिघडतो. कारण श्रद्धेत कमी, शब्दांत जास्त असतं.

आत्मा, एक शब्द आणि तीन माणसं

मराठीत ‘आत्मा’ या एका शब्दावर तीन वेगळी ओझी लादलेली आहेत. पहिलं वेदान्ताचं: जन्म नाही, मरण नाही, बदल नाही, असं आतलं तत्त्व. बुद्धांनी ‘अनत्त’ म्हणून नाकारलं ते मुख्यतः हे. नित्य, स्वतंत्र आणि मालक असं काही आत सापडत नाही, एवढं त्यांचं म्हणणं.

दुसरं ओझं ख्रिस्ती ‘जीव’. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव मातीचा मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि मनुष्य जिवंत प्राणी होतो. तिथला हिब्रू शब्द ‘नेफेश’. त्याचा अर्थ गळा, श्वास, जीव असा आहे आणि तो जनावरांनाही लागतो. माणसाला नेफेश ‘आहे’ असं ते वाक्य म्हणत नाही, माणूस नेफेश ‘झाला’ असं म्हणतं. म्हणजे हा जीव निर्माण केलेला आहे, परावलंबी आहे, देवानं हात काढला तर राहणार नाही. ख्रिस्ती आशाही मुळात आत्म्याच्या अमरपणावर टेकलेली नाही. ती देहाच्या पुनरुत्थानावर टेकलेली आहे. ग्रीक विचाराच्या संगतीनं अमर आत्म्याची भाषा पुढे ख्रिस्ती लोकांत रुळली, ही गोष्ट वेगळी.

तिसरं ओझं ‘पवित्र आत्मा’. हा माणसातला भागच नव्हे. तो देव आहे. हिब्रूत त्यासाठी ‘रूआख’, म्हणजे वारा.

आता भंतेजी म्हणाले, ‘आत्मा नाही.’ त्यांच्या डोळ्यासमोर पहिला अर्थ. समोरच्या पास्टरच्या कानात तिसरा शिरला, आणि त्याला वाटलं की पवित्र आत्म्याची निंदा झाली. पास्टर म्हणाला, ‘आत्मा वाचवा.’ त्याच्या मनात दुसरा अर्थ, पण उपासकांना ऐकू आला पहिला: आला पुन्हा तोच आत्मा, मागच्या दारानं. दोघंही रागावतात आणि दोघंही न बोललेल्या गोष्टीवर रागावतात. मराठी बायबलात माणसापुरता ‘जीव’ हा शब्द बऱ्याच जागी वापरलेला आहे. चर्चेत तोच वापरावा, ‘आत्मा’ बाजूला ठेवावा. एवढ्यानं अर्धं भांडण मिटतं.

‘इच्छा’ची गतही तशीच. पालीत तण्हा वेगळी, छंद वेगळा, चेतना वेगळी. तण्हा म्हणजे तहान, मिळालं तरी न भागणारी. छंद म्हणजे काही करण्याची ओढ. ती चांगली असू शकते. चेतना म्हणजे हात उचलण्याआधी आत जे ठरतं ते. मराठी भाषणात तिन्हींना ‘इच्छा’ म्हणतात, आणि मग हमखास प्रश्न येतो: ‘इच्छा मारायची, तर निर्वाणाची इच्छा कशी चालते?’ हा प्रश्न नवा नाही. कोसंबीच्या घोषिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणानं आनंदांना हाच विचारला होता. आनंदांनी उलट विचारलं: विहारात यायची ओढ तुला होती ना? आल्यावर तिचं काय झालं? शमली. तसंच ते. दीक्षाभूमीला निघालेल्या माणसाला पोचेपर्यंत ओढ लागते; स्तूपासमोर उभं राहिल्यावर ‘दीक्षाभूमीला जायचंय’ असं कोणी म्हणत नाही.

ख्रिस्ती बाजूला इच्छा मारायची नसतेच. तिचं तोंड फिरवायचं असतं. दररोजच्या प्रार्थनेत ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य आहे, म्हणजे इच्छा हा देवाचाही गुण आहे. वाईट काय, तर प्रेम चुकीच्या क्रमानं लागलेलं: जमिनीच्या तुकड्यावर भावापेक्षा जास्त.

हुकूम चालत नाही

इथे दोन्ही परंपरा एकाच धुऱ्यावर उभ्या आहेत, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या प्रवचनात बुद्धांनी अनत्ताचा जो पुरावा दिला तो ताब्याचा आहे. माणूस ज्यांचा बनतो ते रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध, म्हणजे गट. त्यांतला एकेक घ्या. रूप म्हणजे शरीर जर खरोखर ‘मी’ असतं, तर ‘एवं मे रूपं होतु, एवं मे रूपं मा अहोसि’ असा हुकूम त्याला सोडता आला असता: माझं शरीर असं होवो, असं न होवो. पण शरीर ऐकत नाही, दुखतं. वेदनाही ऐकत नाही. पाचवा स्कंध येईपर्यंत तेच. ज्याच्यावर हुकूम चालत नाही त्याला ‘मी’ किंवा ‘माझं’ म्हणायचा आधार काय?

आपली भाषाही याला साक्ष देते. ‘मला राग आला’, ‘मला तहान लागली’, ‘मला वाटलं’. राग येतो, तहान लागते, वाटणं घडतं. ‘मी’ तिथे चतुर्थीत, दारात उभा असलेला. ‘मी राग केला’ असं म्हणतो तेव्हा अर्थच बदलतो. बौद्ध विश्लेषण म्हणतं की जरा नीट पाहा, ‘मी ठरवलं’च्या आतही पुष्कळसं ‘ठरलं’ आहे.

येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हेच दुखणं मांडतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे वाईट करावंसं वाटत नाही तेच करतो. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) आणखी बारकाईनं पाहतो. मन हाताला हुकूम करतं, हात लगेच हलतो. मन स्वतःलाच हुकूम करतं, आणि विरोध होतो.

इथून दोन वाटा फुटतात. बुद्ध म्हणतात, हुकूम चालत नाही, म्हणजे हुकूम करणारा मालक ही समजूतच चुकीची; ती समजूत सुटली की पकड सुटते. पौल म्हणतो, हुकूम चालत नाही, म्हणजे मालक आहे पण कैदेत आहे. आतून कडी उघडत नाही, बाहेरून कोणीतरी उघडली पाहिजे. एका बाजूला दुखण्याचं नाव अविद्या, दुसऱ्या बाजूला पाप. निदान वेगळं झालं की औषध वेगळं होणारच. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ म्हणणाऱ्यांनी हा फाटा पाहिलेला नसतो.

हा फाटा लपवण्यासाठी दोन वचनं सर्रास ओढूनताणून वापरली जातात. पौलाचं ‘ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो’ हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्य म्हणजे अनत्ताच, असं काही जण उत्साहानं सांगतात. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे लगेच पौल म्हणतो की देवपुत्रानं ‘माझ्यावर’ प्रीती केली, ‘माझ्याकरता’ स्वतःला दिलं. ‘मी’ पुसला गेलेला नाही. त्याच्यावर कोणी प्रेम केलं म्हणून तो उलट ठळक झाला आहे. दुसरीकडे धम्मपदातल्या ‘अत्ता हि अत्तनो नाथो’वर बोट ठेवून ‘बघा, बुद्धांनीही आत्मा मानला’ असं म्हणतात. तिथला ‘अत्ता’ म्हणजे साधं ‘स्वतः’. आपणच आपला धनी, दुसरा कोण असणार, एवढाच अर्थ. ‘स्वतः’ म्हटल्यानं अमर आत्मा सिद्ध होत नाही.

माणसाची इच्छा पुसली जात नाही, ही गोष्ट ख्रिस्ती बाजूनं किती जिवावर बेतून लढवली गेली ते सांगायला हवं. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो: हा प्याला टळो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्रश्न उठला, येशूमध्ये इच्छा किती? एकच, दैवी, असं म्हणणारा पक्ष सत्तेत होता. मॅक्सिमस नावाच्या साधूनं विरोध केला: मानवी इच्छा नसेलच, तर त्या रात्री अर्पण काय झालं? त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला. ६६२ मध्ये तो हद्दपारीत मेला. पुढे ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं त्याच्याच बाजूनं निर्णय दिला: दोन इच्छा, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला अनुसरणारी, पण नाहीशी न झालेली. तेव्हा ख्रिस्ती ‘आत्मत्याग’ म्हणजे इच्छेचा विलय नव्हे. बैल जुवाला लागला तरी बैल राहतो.

पंचशील घेतो कोण?

पास्टर मंडळींचा हा हुकमी प्रश्न. ‘मी’च नाही तर ‘समादियामि’ कोण म्हणतं?

पाचव्या शीलाचं वाक्य उघडून पाहू: ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ सुरा म्हणजे धान्यापिठापासूनची, मेरय म्हणजे फुलाफळांची. आपली मोहफुलाची या दुसऱ्या यादीत येते. ‘पमादट्ठान’ म्हणजे बेसावध होण्याची जागा. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी; आज्ञा नव्हे. आणि ‘समादियामि’ म्हणजे नीट उचलून घेतो. क्रियापद प्रथम पुरुषी एकवचनी आहे. बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा ‘मी’नंच आहे. दहा आज्ञांचं व्याकरण उलटं: ‘खून करू नकोस’. द्वितीय पुरुष. तिथे कोणीतरी ‘तू’ म्हणून हाक मारतो आणि माणूस त्या हाकेनं उभा राहतो. ख्रिस्ती ‘मी’ हा मुळात कोणाचा तरी ‘तू’ आहे. दोन धर्मांतला फरक इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कुठे दिसत नाही.

प्रश्नाचं उत्तर. बुद्धांच्या काळात मक्खलि गोसाल नावाचा दुसऱ्या पंथाचा आचार्य सांगत होता की माणसाच्या करण्यानं काही होत नाही. सुताचा गुंडा फेकला की संपेपर्यंत उलगडतो, तसा माणूस. बुद्धांनी या मताला सगळ्यांत टाकाऊ म्हटलं, केसांच्या घोंगडीसारखं: थंडीत गार, उन्हात गरम. आणखी एका सुत्तात, म्हणजे प्रवचनात, एक ब्राह्मण येऊन म्हणतो, ‘स्वतः करणारा नाही, दुसरा करणाराही नाही.’ बुद्ध विचारतात, तू स्वतः चालत आलास, स्वतः चालत जाशील, आणि असं कसं म्हणतोस? सुरुवात करण्याची शक्ती, आरब्भधातु, माणसात आहे. म्हणजे करणं आहे, ठरवणं आहे; नित्य मालक नाही. ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि’, चेतनेलाच मी कर्म म्हणतो, हे वाक्य याच पायावर आहे.

भिक्खू नागसेन आणि राजा मिलिंद यांच्या संवादात रथ येतो. आपण बंडी घेऊ. चाक म्हणजे बंडी का? नाही. आरे, तुंबा, धाव, आस, साटा, जू? एकेक करून कोणीच बंडी नाही. सगळं सुटं करून अंगणात ढीग घातला तर तीही बंडी नाही. तरी कापूस बाजारात बंडीनंच जातो. नाव खोटं नाही, व्यवहाराचं आहे. आणि जबाबदारी? आंबाचोर म्हणतो, ‘मी चोरलेले आंबे यानं लावलेच नव्हते, यानं कोय लावली होती.’ राजा त्याला सोडणार नाही, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले. काल पिणारा आणि आज शील घेणारा यांचं नातं असंच: ‘न च सो, न च अञ्ञो’, तोही नाही आणि दुसराही नाही. दुधाचं दही होतं तसं.

उत्तर पक्कं आहे, पण पास्टरच्या मनात एक शंका उरते आणि ती रास्त आहे: आई मेल्यावर मला पुन्हा भेटायची आहे ती हीच आई, तिच्यातून पुढे गेलेला प्रवाह नव्हे. बौद्ध उत्तर हे दुःख हलकं करतं, पण ही मागणी पुरवत नाही. पुरवायची नाहीच, असं ते म्हणतं.

इथे एक खबरदारी. थेरवाद किंवा तिबेटी पुस्तकांतला पुनर्जन्म घेऊन विदर्भातल्या बौद्धांशी वाद घालू नये. बाबासाहेबांनी एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा स्वच्छ नाकारला आहे. मागच्या जन्माचं पाप म्हणून या जन्मी अस्पृश्यता, हे गणित ज्यांच्या माथी मारलं गेलं, त्यांना ते पुन्हा ऐकवणं अज्ञान आहे, आणि उद्धटपणाही.

‘देवाला आधीच माहीत, मग आमची इच्छा कुठे?’

हा विहाराचा हुकमी प्रश्न. आणि बुद्धांनी तो अधिक धारदार विचारला आहे: सगळं ईश्वराच्या निर्मितीनं होत असेल, तर खुनी खून करतो तोही ईश्वरनिर्मितीमुळेच, मग ‘हे करावं, हे करू नये’ याला जागाच उरत नाही. त्याच सुत्तात त्यांनी ‘सगळं पूर्वकर्मानं’ आणि ‘सगळं विनाकारण’ ही मतंही याच कारणासाठी बाजूला सारली आहेत, हे सांगायला उपासक विसरतात.

ख्रिस्ती उत्तर एक नाही. पाहणं म्हणजे घडवणं नव्हे, हे पहिलं: टेकडीवरच्या माणसाला खालच्या दोन्ही वाटांवरच्या बंड्या दिसतात, त्या त्यानं हाकलेल्या नसतात. पण ख्रिस्ती घरातलं भांडण याहून खोल आहे. पेलागियस म्हणाला, माणूस मनात आणलं तर पाप टाळू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, कृपेशिवाय मनात आणणंही होत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसचं मत फेटाळलं. १५२४ मध्ये इरॅस्मसनं इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं लिहिलं, १५२५ मध्ये ल्यूथरनं इच्छा बांधलेली आहे म्हणून उत्तर दिलं. कॅथलिक म्हणतात, पुढाकार कृपेचा, पण माणूस होकार देतो किंवा नाकारतो. काल्विनच्या वाटेचे प्रेस्बिटेरियन देवाच्या निवडीवर भर देतात; वेस्लीचे मेथडिस्ट म्हणतात, कृपा सगळ्यांना, नकार देता येतो. १९७० ला नागपुरात एकत्र आलेल्यांत हे दोन्ही होते, वर बॅप्टिस्टही. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत, कारण ठरवणारा स्वतः ठरवेल तेव्हाच. प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट देतात, कारण कृपा ठरवण्याच्या आधी येते. पाणी तेच, इच्छेचं मत वेगळं. म्हणून ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ म्हणण्याआधी समोरचा कोणत्या मंडळीचा हे विचारून घ्यावं.

खुन्याच्या प्रश्नाला मात्र नुसतं ‘देव होऊ देतो, करत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. ते प्रामाणिक ख्रिस्ती विचारवंतांनाही पुरलेलं नाही.

दोन्ही ग्रंथांतला शेतकरी

हे कपाशीच्या मुलखात सगळ्यांत लवकर समजतं. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात एक शेतकरी आहे. त्याची तीन कामं घाईची: नांगरून जमीन नीट करणं, वेळेवर पेरणं, वेळेवर पाणी देणं आणि काढणं. पण ‘आज उगव, उद्या कणसं धर, परवा पिक’ असा हुकूम सोडायची सिद्धी त्याच्याकडे नाही. ऋतू येतो आणि पीक येतं. तसंच शील, समाधी, प्रज्ञा यांची मेहनत करावी. चित्त कधी मोकळं होईल ते सांगता येत नाही.

करिंथच्या मंडळीला पौल लिहितो: मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, पण वाढवलं देवानं.

शेत एकच. मृगाच्या पावसावर सरकी टोबणाऱ्याला दोन्ही पटतात, कारण दोघंही म्हणतात की राबणं तुझं, उगवणं तुझ्या हातात नाही. फरक उगवण्याच्या कर्त्यात आहे. बुद्धांच्या वाक्यात कर्त्याची जागा ऋतूला आणि कारणांना: बी, ओल, ऊब, माती. पौलाच्या वाक्यात ती देवाला. म्हणून पीक घरी आल्यावर ख्रिस्ती माणूस कोणाचे तरी आभार मानतो. ते त्याच्या विचारात सक्तीचंच आहे. बौद्ध माणसाला आभार मानायला कर्ता लागत नाही, तो दान देतो.

आणि पीक गेलं तर? बोंडअळीनं शेत खाल्लं, घरात माणूस गेला, तर सांत्वनाला आलेले दोन वाक्यं बोलतात: ‘त्याचं कर्म’ आणि ‘देवाची मर्जी’. दोन्ही वाक्यं त्या त्या धर्माच्या ग्रंथात बसत नाहीत. सीवक नावाच्या परिव्राजकानं, म्हणजे भटक्या संन्याशानं, विचारलं, सगळी सुखदुःखं पूर्वकर्मानंच का? बुद्धांनी आठ कारणं मोजली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, निष्काळजी वागणं, बाहेरचा आघात, आणि कर्म. आठांत एक. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले. ते काय जास्त पापी होते? नाही. मराठीत ‘कर्म’ हा शब्द कपाळावर हात मारायला वापरतात, आणि त्या सवयीनं बुद्धांचा शब्द पार उलटा झाला आहे. त्यांच्या लेखी कर्म म्हणजे जे ठरवून करता ते. जे भोगता ते नव्हे.

बैठक बसवायची असेल तर

दोन्हीकडचे पाच-पाच, जास्त नाही. गर्दी झाली की बोलणारा समोरच्याशी न बोलता टाळ्यांशी बोलतो. फळ्यावर चार शब्द लिहावेत: आत्मा, इच्छा, कर्म, मुक्ती. प्रत्येक शब्दाखाली दोन्ही बाजूंनी आपला अर्थ एका वाक्यात लिहायचा. याला अर्धा-पाऊण तास जातो आणि तो वाया जात नाही. मग पास्टरनं अनत्त समजावून सांगायचा, भंतेजींनी किंवा बौद्धाचार्यांनी कृपा समजावून सांगायची, आणि ज्याचं मत त्यानं ‘हो, हे माझंच’ म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. बहुतेक बैठका या पायरीवर अडतात. अडू द्याव्यात.

धर्मांतर कोणाचं, कोणी कोणाला काय आमिष दिलं, हा विषय त्या दिवशी बंद. तो खरा विषय आहे, पण वेगळा. ‘मग तुमचा देव का नाही वाचवत’ आणि ‘मग तुम्ही शून्यवादीच’ ही दोन वाक्यं आली की चहा सांगावा.

शेवटी जे उरतं ते बाबासाहेबांच्या एका भेदात नेमकं पकडलं आहे: बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. धम्मपदही तेच म्हणतं: ‘तुम्हेहि किच्चमातप्पं, अक्खातारो तथागता’, कष्ट तुम्ही करायचे, तथागत सांगणारे. ख्रिस्ती माणूस येशूला फक्त मार्गदाता म्हणू शकत नाही. म्हटलं तर तो ख्रिस्ती राहत नाही. इथे मधला रस्ता शोधायला जाऊ नये.

पोळ्याच्या करीला पुन्हा प्यायला तर

विचार कामाचा किती ते इथे कळतं. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बाहेरचं कुलूप असो वा नसो, करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी कुठूनतरी बाटली येते. आठ महिने कोरडा राहिलेला माणूस घसरतो.

‘म्या सोडली’ म्हणणाऱ्याला सगळ्यांत जास्त लागतं, कारण सोडणारा ‘मी’च खोटा ठरला असं त्याला वाटतं, आणि लाजेपोटी तो दुसऱ्या दिवशीही पितो. विहारात गेला तर त्याला पहिल्यांदा कळतं की शील मोडलं म्हणजे तो बाद झाला नाही. पंचशील प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतात. ‘समादियामि’ हे वर्तमानकाळातलं क्रियापद आहे. मग कारणं तपासायची: कोणाबरोबर, किती वाजता, खिशात पैसे कुठून, आधी भांडण कशाचं. त्यातली जी तोडता येतील ती तोडायची. ‘मी वाईट’ हा निष्कर्ष काढायला इथे परवानगी नाही, कारण तसा पक्का ‘मी’ हिशेबातच नाही.

‘देवानं सोडवली’ म्हणणाऱ्याचा धोका वेगळा. त्यानं साक्ष दिलेली असते, मंडळीसमोर. आता पडल्यावर त्याला वाटतं की देवानं सोडून दिलं, किंवा मुळात सोडवलंच नव्हतं. चांगला पास्टर त्याला फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातली जोडवाक्यं दाखवतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं ही दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. दोन वाक्यांत ‘कारण’ आहे, ‘किंवा’ नाही. मग पापाची कबुली, क्षमा, आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्याची जागा राखलेली. कॅथलिक असेल तर फादरकडे कबुलीजबाब. कबुली मात्र ‘माझ्याकडून झालं’ अशी चालत नाही. ‘मी केलं’ असंच म्हणावं लागतं.